दुधाची पाळी

आमच्याकडं आता पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या येतो आणि त्याच्या मागोमाग चहा. चहाला विचारलं नाही तर पाहुणा घरी जाऊन बोलून दाखवतो. पण हा रिवाज काही फार जुना नाही. माझ्या आजीच्या लग्नात चहा नव्हता. आल्यागेल्याला गूळ-पाणी द्यायचं, उन्हाळ्याचे दिवस असले तर ताक. घरात कुणी आजारी पडलं तर गवती चहा आणि सुंठ घालून काढा व्हायचा, पण त्यात चहाची पूड नसायची. आजी म्हणायची, "च्या सायबानं आणला आन आमच्या गळ्यात बांधला."

म्हातारीला शाळा माहीत नव्हती, पण तिचं बोलणं खोटं नव्हतं. आसामात इंग्रजांनी चहाचे मळे उठवले ते विलायतेत विकण्यासाठी. आपल्या लोकांना तो प्यायला लावावा, ही गोष्ट मागाहून त्यांच्या मनात आली. 1903 साली कर्झनसाहेबाच्या अमदानीत परदेशी जाणाऱ्या चहावर एक पट्टी बसवली आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. 1930 नंतर जगभर मंदी आली, चहाचा माल पडून राहायला लागला, तेव्हा या प्रचाराला जास्तच जोर चढला. चहावाल्यांची माणसं जत्रेत, बाजारात, रेल्वेच्या ठेसनावर चुली मांडून फुकट चहा पाजायची. चहा कसा करावा याच्या पाट्या भिंतींवर लावायची. एका पैशाची पुडी निघाली. पहिल्यांदा फुकट, मग पैशाला आणि मग सवयीला. त्याच सुमाराला आसामात पानं चिरडून बारीक दाणेदार चहा करायचं यंत्र निघालं. या पुडीचा चहा थोडक्यात कडक होतो, रंग सोडतो आणि दुधाला दमदार लागतो. पुढं हीच स्वस्त पूड गरिबाच्या चुलीवर आली.

विरोध करणारेही होतेच. गांधीजी चहाच्या विरोधात होते. पुण्याच्या आगाखान पॅलेसात कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यातही त्यांनी चहाला बरं म्हटलेलं नाही. आमच्या गावातले माळकरी कितीतरी वर्षं चहाला शिवत नव्हते. पण चहा कुणालाच ऐकला नाही. मंदी गेली, साहेब गेला, चहा राहिला.

मला सांगायचं आहे ते मात्र चहाच्या सवयीचं नाही. चहा एकट्यानं प्यायची वस्तू नाही. चहा म्हटला की कुणीतरी करणारा आला, कुणीतरी देणारा आला आणि कुणीतरी घेणारा आला. आपल्या मुलखात खरी भानगड इथंच आहे. देणाऱ्याला कुणी अडवत नाही. घेणारा मात्र कप हातात धरण्याआधी देणाऱ्याच्या हाताकडं बघतो.

पुण्यात 1890 साली हेच झालं. पंचहौद मिशन म्हणून ख्रिस्ती लोकांची जागा आहे. तिथं व्याख्यानाला म्हणून शहरातली मोठी मोठी मंडळी गेली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं पुढं आली. कुणी घेतलं, कुणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी या सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात गदारोळ उठला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्ताची भाषा झाली. रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. केवढीशी ती गोष्ट, एक कप चहा! पण तो दुसऱ्याच्या हातचा होता.

आता दुसरी गोष्ट कोल्हापूरची. ती आमच्याकडं शेतात काम करतानाही म्हातारी माणसं सांगायची. गंगाराम कांबळे हा शाहू महाराजांच्या चाकरीतला माणूस. महाराज परगावी असताना त्यानं मराठ्यांच्या हौदाचं पाणी घेतलं म्हणून त्याला फोडून काढलं. महाराज आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण महाराज शिक्षेवर थांबले नाहीत. त्यांनी गंगारामला भांडवल दिलं आणि कोल्हापुरात भर रस्त्यावर चहाचं हॉटेल काढायला लावलं. हॉटेल निघालं, पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा मागवायचे आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजायचे. राजा पितोय म्हटल्यावर बरोबरचा कोण नाही म्हणणार?

या गोष्टीत महाराजांनी पैसे दिले याचं लोकांना कौतुक वाटतं. मला ते तितकं वाटत नाही. पैसे कुणीही श्रीमंत देतो. महाराज गंगारामच्या हातचं घेऊन प्याले, हे मोठं. देण्यानं माणूस वर राहतो, घेण्यानं तो बरोबरीला येतो. जोतिरावांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. पुढचं पाऊल त्यांच्या हातचं घ्यायचं होतं. ते उचलायला आपल्याला आणखी शंभर वर्षं कमी पडली.

पुस्तकाचंही चहासारखंच आहे. आपल्याकडं पुस्तक ही एकट्यानं कोपऱ्यात बसून वाचायची वस्तू कधीच नव्हती. पोथी लागायची, एक वाचायचा आणि देऊळभर माणसं ऐकायची. जोतिरावांनी ही रीत बरोबर ओळखली होती. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी 1883 साली लिहून पुरा केला, पण छापायच्या आधीच त्याचे भाग ते पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढं वाचून दाखवत होते. पहिले दोन भाग 'दीनबंधू'त आले आणि पुढचे छापायला संपादक कचरले. पण ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्या कानावर ते आधीच पडलेलं होतं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकलं. हे महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे, कुणब्याचं पोर. पुढं त्यांनी 1910 साली बोर्डन नावाच्या अमेरिकन माणसाला बोलावून सगळ्या संस्थानात वाचनालयं उभी केली. जिथं वाचनालय नाही तिथं पेटीत पुस्तकं भरून गावोगाव फिरवली, तीही फुकट. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' वर्षानुवर्षं चालवला. खेड्यातून वर्तमानपत्र निघतं, हे आज सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाही.

आमच्या सांगली भागाला तर याचा चांगला वारसा आहे. किर्लोस्करवाडीत नांगर तयार व्हायचा तसं मासिकही तयार व्हायचं. 1920 साली निघालेलं 'किर्लोस्कर', मग 'स्त्री', मग 'मनोहर'. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात मासिकही यायचं. नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं 1943 ते 1946 या काळात नुसते खजिने लुटले नाहीत. गावोगाव न्यायनिवाडा केला, साधी लग्नं लावली, दारूबंदी केली आणि वाचनालयंही काढली. पुढं 1967 चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, सरकारी अनुदान सुरू झालं आणि अ, ब, क, ड असे वर्ग पडले. आमच्या गावात जे झालं ते या सगळ्याच्या पाठीवर झालं. एका रात्रीत कुणाच्या डोक्यातून निघालं नाही.

आमचं गाव खानापूर-आटपाडीच्या बाजूचं, माणदेशाला लागून असलेलं. पाऊस कधी येईल सांगता येत नाही, आला तर राहील सांगता येत नाही. बाजरी, हुलगा, मटकी, थोडी ज्वारी, शेरडं-मेंढरं. पोरगं जरा मोठं झालं की सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्याला केरळात, मद्रासकडं, नाहीतर उत्तरेत जायचं. घरी मनिऑर्डर यायची, त्यावर घर चालायचं.

गावात चहाचं हॉटेल एकच होतं, एसटीच्या थांब्याला. पत्र्याचं छप्पर, पुढं फळीचं बाकडं, चुलाणावर जर्मनचं पातेलं आणि दिवसभर उकळणारा चहा. आत बसणाऱ्याला कपबशी. बाहेर वळचणीला भिंतीत एक कोनाडा होता, त्यात दोन-तीन दांडी तुटलेले कप पालथे घातलेले असायचे. महारवाड्यातला आणि मांगवाड्यातला माणूस यायचा, त्यातला कप स्वतः उचलायचा, पुढं धरायचा. हॉटेलवाला वरून चहा सोडायचा. पिऊन झालं की त्यानंच तो धुऊन पालथा घालायचा. पैसे मात्र दोघांकडून सारखेच. अस्पृश्यतेच्या विरोधातला कायदा 1955 सालीच झालेला होता आणि हॉटेलात असा भेद करणं गुन्हा होता. पण कायद्याचं पुस्तक तालुक्याला आणि कोनाडा आमच्या गावात. त्या कोनाड्याकडं आम्ही पोरं बघायचोही नाही. रोजच्या बघण्यातलं असतं ते माणसाला दिसत नाही.

मग 1972 चा दुष्काळ आला. खडीची कामं निघाली, नालाबांध निघाले. रोजगार हमी म्हणतात ती योजना तेव्हाच उभी राहिली. तिचा पहिला प्रयोग आमच्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाला होता. सगळा गाव खडीवर. पाटलाची बाई आणि मांगाची बाई एका ढिगावर हातोडा मारत होत्या. सुकडी एकाच घमेल्यातून वाटली जायची. दुपारी तीन दगडांच्या चुलीवर गुळाचा कोरा चहा व्हायचा. ज्याच्याकडं जे भांडं असेल त्यात तो घ्यायचा आणि भांडं नसलेला दुसऱ्याचं संपायची वाट बघायचा. कुणाचं भांडं कुणाच्या तोंडाला लागतंय हे बघायला कुणाला ताकद नव्हती. दुष्काळ सरला, पाऊस पडला आणि कोनाडा पुन्हा चालू झाला. भुकेनं जोडलेलं पोट भरल्यावर सुटतं, हे मी तेव्हा लहान वयात पाहिलं.

वाचनालय निघालं त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. मी दहावी होऊन घरच्या शेतीत लागलो होतो. प्राथमिक शाळेत एक गुरुजी बदलून आले, खालच्या वारणाकाठचे. त्यांनी ग्रामपंचायतीच्या मागं लागून चावडीची रिकामी खोली मागून घेतली. काही जण म्हणाले, मारुतीच्या देवळात काढा, तिथं सावली आहे, फरशी आहे. गुरुजी म्हणाले, "देवळात सगळी येणार न्हाईत. चावडीत सगळ्यांनाच यावं लागतं." दोन कपाटं आली, पुण्याकडची दोन वर्तमानपत्रं एक दिवस शिळी होऊन यायची, जुनी मासिकं कुणी कुणी दिली. पण वाचायला कोण येणार? पहिले दोन महिने शाळेतली पोरं आणि निवृत्त झालेला एक पोलीस, एवढेच.

गुरुजींनी मग चहाची युक्ती काढली. दर शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर चावडीत चहा, फुकट. चहा होईपर्यंत आणि पिऊन झाल्यावर पुस्तकाचं वाचन. आवाज मोठा म्हणून वाचायचं काम माझ्याकडं आलं. गलाईवर असलेल्या गावच्याच एका माणसानं रॉकेलचा स्टो आणि दोन डझन कप दिले. कप सगळे पांढरे, एकसारखे. गुरुजींनी ते मुद्दाम तसे सांगितले होते. एकाही कपावर फूल नको, रेघ नको. कुणाचा कुठला हे ओळखू येता कामा नये. पिऊन झाल्यावर ज्याचा त्यानं विसळून फळीवर ठेवायचा, मग तो सरपंच असो नाहीतर सालगडी.

साखर आणि पूड वर्गणीतून यायची. दूध मात्र गुरुजींनी विकत आणू दिलं नाही. दर शनिवारी एका घरानं दूध द्यायचं, पाळीनं. त्याची वही केली. लांबडी, कापडी पुठ्ठ्याची, दुकानदाराची असते तसली. डाव्या पानावर पुस्तक कुणी नेलं, कधी आणलं. उजव्या पानावर त्या शनिवारी दूध कुणाचं. ही वही अजून आहे. पानं पिवळी पडली आहेत, एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे, पण वाचता येते.

चहाला माणसं यायला लागली. फुकट म्हणून आली, हे कबूल करायला हरकत नाही. वीस-पंचवीस, कधी तीस. आम्ही व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' लावली. माडगुळं आमच्यापासून लांब नाही. धनगरवाड्यावरचा एक म्हातारा मधूनच उठून म्हणायचा, "आसं न्हवं, मेंढरू तसं करत न्हाई," आणि मग अर्धा तास मेंढरांवर वाद. दुसरा म्हणायचा, "करतंय की, तू तुझ्या मेंढराचं सांगतोस." पुस्तक बाजूला राहायचं, पण तो वादही त्या पुस्तकानंच लावलेला असायचा. मग अण्णाभाऊ साठ्यांचा 'फकिरा' लावला. अण्णाभाऊ वाटेगावचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. 'फकिरा'च्या वेळी मांगवाड्यातली माणसं पहिल्यांदा दाराच्या आत येऊन बसली. तोवर ती उंबऱ्याजवळ बसत. कुणी त्यांना आत या म्हटलं नव्हतं आणि बाहेर बसा असंही म्हटलं नव्हतं.

एका शनिवारी वाचन झाल्यावर बौद्धवस्तीतला एक जण उठला. त्याच्याकडं एक म्हैस होती, चांगली दुधाची. तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, वहीत आमची पाळी का न्हाई?"

खोलीत कुणी बोललं नाही. गुरुजींनी वही ओढली, पुढच्या शनिवारपुढं त्याचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "आली की पाळी."

ती बातमी रात्रीतच गावभर झाली. आठवडाभर नळावर, पारावर, हॉटेलात तेवढंच बोलणं. त्यांना चहा पाजला तोवर कुणाची तक्रार नव्हती. उलट काही जण अभिमानानं सांगायचे, आमच्या चावडीत सगळ्यांना एकच कप. पण त्यांचं दूध? दूध पोटात जातं! पुस्तकं ठीक, चहा ठीक, पण हे गुरुजी जरा जास्तच करतात, असं जाणती म्हणवणारी माणसंही बोलायला लागली.

शनिवारी तो माणूस पितळी चरवीत दूध घेऊन आला. चरवी चिंच लावून लख्ख घासलेली. घरात असलेलं सगळं दूध त्यानं आणलं असावं, कारण चरवी काठोकाठ होती. आलेली माणसं मोजून अकरा. स्टो पेटला, चहा झाला, कप भरले गेले. कप भरलेले तसेच राहिले, कुणी हात पुढं करीना. गुरुजींनी पहिला उचलला. पण गुरुजी परगावचे, सरकारी नोकर, त्यांच्या पिण्याचा गावाला हिशेब नव्हता.

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, तिथं होते. आबा तालमीतले, बोलायला फटकळ, वाचता येत नव्हतं. त्यांनी कप घेतला, चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "बहात्तरला खडीवर ह्याच्या बाच्या टमरेलातनं च्या प्यालोय. तवा कुणी पंचांग काढलं न्हाई. आता रं काय झालं तुम्हास्नी?" आणि मोठा फुरका मारला. मग आणखी चार-पाच जणांनी घेतला. सगळ्यांनी घेतला नाही. दोघं तिघं कप तसाच ठेवून निघून गेले. त्या दूधवाल्यानं ते कप उचलले आणि स्वतः विसळून ठेवले. ते मला आजही दिसतं.

इथं गोष्ट संपली असती तर फार गोड झाली असती. पण वही खोटं बोलत नाही. त्यानंतरच्या चार शनिवारांपुढं उजव्या पानावर एकच शब्द आहे, 'कोरा'. ज्यांच्या पाळ्या होत्या त्यांनी निरोप धाडले. कुणाची गाय आटली, कुणाचं दूध नासलं, कुणाकडं पाहुणे आले. आम्ही चार शनिवार कोरा चहा प्यालो. गुरुजींनी कुणाला दोष दिला नाही की मिटिंग घेतली नाही. दूध विकत मात्र आणू दिलं नाही. म्हणायचे, "विकतचं आणलं की भांडण मिटंल, पण कायमचं आत राहील."

पाचव्या शनिवारी दूध आलं, ते एका विधवा बाईकडून. आणि यात खरा हात बायकांचाच होता, हे चावडीत बसणाऱ्या आम्हा गड्यांना उशिरा कळलं. आपल्याकडं आलेलं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. गुरुजी पहिल्यापासून दुधाचं भांडं परत पाठवताना त्यावर एक पुस्तक किंवा जुन्या 'स्त्री'चा अंक ठेवून पाठवायचे. चावडीत बाईमाणूस येत नव्हतं. पण या भांड्यांवरून पुस्तकं घरात जायची. ज्या घरात शाळा शिकलेली सून होती, तिथं ती इतर बायकांना दुपारी वाचून दाखवायची. चार शनिवार दूध गेलं नाही, तशी घरात पुस्तकंही आली नाहीत. दूध काढायचं आणि विरजायचं काम बायकांच्या हातात. पाळीचं दूध गड्यांनी अडवलं तसं बायकांनी ते सोडलं, कुणी बोलून, कुणी न बोलता. आमच्या आईनं आबांच्या देखत तांब्या भरला आणि मला म्हणाली, "जा, दिऊन ये. आन मोकळा आणू नगंस."

त्यानंतरच्या वर्षात बौद्धवस्तीतल्या घरांची नावं उजव्या पानावर इतरांसारखीच पाळीनं येत गेली. दोन घरं कायमची तुटली, त्यांनी पुन्हा ना दूध दिलं ना पुस्तक नेलं. पुढं 1981 साली शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' आलं. आटपाडीत तराळकी करणाऱ्या बापाच्या पोरानं आपली हकीकत लिहिली. आमच्याकडं ते तीन शनिवार वाचलं. त्या तीन शनिवारी चहा झाल्यावर कुणी लगेच उठून गेलं नाही. ज्यांच्या घरचं आयुष्य त्यात होतं ती माणसं आणि ज्यांच्या वाडवडलांनी त्यांना तसं वागवलं ती माणसं, एकाच सतरंजीवर खाली मान घालून ऐकत होती. त्या पुस्तकावर वाद झाला नाही.

हॉटेलातल्या कोनाड्याचं काय झालं? कुणी मोर्चा काढला नाही, ठराव केला नाही. शनिवारी एका पातेल्यातला चहा पिणारी माणसं रविवारी हॉटेलात गेली की एकानं आत आणि एकानं वळचणीला उभं राहायचं, हे दोघांनाही अवघडायला लागलं. आतला माणूस कप घेऊन बाहेर येऊन उभा राहायला लागला. एका दिवाळीला हॉटेलवाल्यानं चुना लावायला भिंत मोकळी केली, कोनाड्यातले कप काढले आणि ते पुन्हा ठेवलेच नाहीत. पुढं काचेचे ग्लास आले. कोनाड्यात त्यानं गणपतीचा फोटो लावला.

शनिवारचा चहा पुढं पंधरा-सोळा वर्षं चालला. गुरुजींची बदली कधीच झाली होती. टीव्ही आला, पोरं शिकून बाहेर गेली, दूध डेरीला जायला लागलं आणि लिटरवर पैसे मिळायला लागल्यावर पाळीचं दूध जड झालं. आता टेंभूचं पाणी आलं, डाळिंब झालं, ऊस झाला. वाचनालयाला अनुदान आहे, कपाटं लोखंडी आहेत. स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळपासून बसतात आणि मान वर करत नाहीत. चहा ज्याचा तो थांब्यावर जाऊन पितो. त्यात वाईट काही नाही, पण एकमेकांच्या घरचं एकमेकांच्या पोटात जाणं थांबलं. निवडणुकीत पुन्हा वस्तीवस्तीचे वेगळे कट्टे पडतात तेव्हा मला ते जाणवतं.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळ भिलार हे पुस्तकांचं गाव 2017 साली झालं. तिथं पुस्तकं लोकांच्या घराघरांत ठेवलेली आहेत. वाचायला गेलेला माणूस कुणाच्या तरी ओसरीवर बसतो, त्या घरचं पाणी पितो. पुस्तक एका इमारतीत कोंडून न ठेवता घरात ठेवलं की वाचणारा पाहुणा होतो आणि घरवाला यजमान. आमच्या वहीच्या उजव्या पानाचं हेच काम होतं.

म्हणून आता तरुण पोरं गावात वाचनकट्टा काढायचा म्हणून विचारायला येतात, चहा ठेवायचा का विचारतात, तेव्हा मी म्हणतो, जरूर ठेवा. पण फुकट चहानं माणूस जोडला जातो असं समजू नका. चहावाल्या साहेबानंही फुकटच पाजला होता, त्यानं गिऱ्हाईक जोडलं. शेजार जोडायचा असेल तर प्रत्येकाला देणारा होऊ द्या, आणि त्यानं दिलेलं घ्या. पुस्तकं कुणीही देणगी देईल, कप एखादा नोकरदार देईल, साखर वर्गणीत येईल. दूध विकत आणू नका. वही करा आणि गावातल्या सगळ्या घरांची पाळी लावा. एखाद्या शनिवारी दूध येणार नाही. त्या दिवशी कोरा प्या, पण उजव्या पानावर 'कोरा' असं लिहून ठेवा.